थरथरत्या हातांनी मोजलेली मात्रा

#धागा : थायरॉइडची गोळी, धडधडणारी छाती आणि दोनशे वर्षे रेंगाळलेला एक प्रश्न

१/ वाशीम, रिसोड, कारंजा किंवा मंगरूळपीर येथील औषधाच्या दुकानात सर्वाधिक नित्यनेमाने मागितल्या जाणाऱ्या गोळ्यांत लेव्होथायरॉक्सिनचा समावेश होतो. लोक तिला ‘थायरॉइडची गोळी’ म्हणतात. ती पहाटे उपाशीपोटी घ्यायची आणि बहुधा आयुष्यभर घ्यायची. घेणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ अधिक. गोळीतील औषध मोजले जाते ते मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात.

२/ गोळी सुरू होते. चेहऱ्यावरची सूज ओसरते, आवाजातील घोगरेपणा जातो, अंगातला जडपणा उतरतो. काही जणींच्या बाबतीत मात्र काही आठवड्यांनी वेगळेच घडू लागते. झोप उडते, छातीत धडधड होते, चहाचा कप बशीवर खडखडतो. वऱ्हाडीत त्याचे वर्णन नेमके होते : “जीव घाबरून राह्यला, हात कापून राह्यले.” घरातले म्हणतात, “टेन्शन नको घेऊ.” शेजारणीला दृष्ट लागल्याची शंका येते. कोणी गोळी परस्पर बंद करते, कोणी निमूटपणे सोसत राहते.

३/ हा घाबरा जीव मनाचा की गोळीचा? प्रश्न घरगुती वाटतो. प्रत्यक्षात युरोपातील नामांकित वैद्यांनी यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घातला आहे, आणि त्या वादाचा निकाल लावण्यात औषध जास्त झालेल्या रुग्णांचा वाटा मोठा होता. त्या रुग्णांचा हा इतिहास.

४/ आरंभी एक खुलासा. प्राचीन भारतीयांना सर्व ठाऊक होते, असे सांगणारे धागे रोज निघतात. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे आणि त्याचे प्रकारही सांगितले आहेत, हे खरे. वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमात, वाकाटकांची राजधानी होती तेव्हाही गळ्याची सूज वैद्यांच्या परिचयाची असणार. पण गळ्यातील एक ग्रंथी रक्तात द्रव्य सोडते आणि त्या द्रव्याच्या कमीअधिक प्रमाणामुळे माणूस सुस्तावतो किंवा अस्वस्थ होतो, हे ज्ञान पुष्कळ अलीकडचे आहे. सुश्रुताचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही.

५/ उपचारामुळे उद्भवलेल्या थरथरीची पहिली ठळक नोंद जिनिव्हात सापडते. बेर्नार कुर्त्वा याने १८११ मध्ये समुद्रशैवालाच्या राखेतून आयोडीन वेगळे केले. १८२० मध्ये झाँ-फ्रान्स्वा क्वांदे या जिनिव्हाच्या वैद्याने तेच आयोडीन गलगंडावर द्यावयास सुरुवात केली. आल्प्सच्या परिसरात गलगंड घरोघरी होता. अनेकांच्या गाठी खरोखर लहान झाल्या आणि औषधाची मागणी वाढली.

६/ पाठोपाठ तक्रारी आल्या. काही रुग्ण झपाट्याने खंगले. नाडी जलद, हृदयाची धडधड, निद्रानाश, हातांना कंप. क्वांदेने १८२१ मध्ये हे स्वतःच नोंदवले आणि मात्रा जपून द्यावी असे बजावले. स्वतःच्या गाजलेल्या उपचाराचे दुष्परिणाम त्यानेच छापून प्रसिद्ध केले, ही गोष्ट त्या काळच्या मानाने विशेष म्हणावी लागेल. कारण मात्र त्याला कळणे शक्य नव्हते. दीर्घकाळ आयोडीनवाचून राहिलेल्या, गाठाळलेल्या ग्रंथीला ते अचानक मुबलक मिळाले की ती बेसुमार संप्रेरक बनवू लागते, हे पुढे उलगडले.

७/ त्याच काळात इंग्लंडमध्ये एक वेगळी कहाणी छापली गेली. केलब पॅरी या वैद्याच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये त्याची टिपणे प्रकाशित झाली. त्यात एकवीस वर्षांच्या एका तरुणीची हकिकत आहे. चाकांच्या खुर्चीतून उतारावरून वेगाने जाताना ती बाहेर फेकली गेली आणि विलक्षण घाबरली. त्यानंतर तिला धडधड आणि अस्वस्थता सुरू झाली, आणि काही दिवसांत गळा सुजला. कथेत क्रम असा पडला : आधी भीती, मग ग्रंथी.

८/ हा क्रम पुढच्या पिढ्यांच्या मनात घट्ट रुजला. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हजने १८३५ मध्ये आणि जर्मनीतील कार्ल फॉन बासेडोने १८४० मध्ये याच आजाराची वर्णने केली. सुजलेला गळा, बाहेर आलेले डोळे, धावणारे हृदय. रुग्ण प्रामुख्याने स्त्रिया. मग एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाला जे सोपे वाटले ते त्याने केले : हा मज्जेचा, म्हणजे मनाचा विकार मानला. पॅरिसचा शार्को यासारखा दिग्गजही त्याच मताचा होता. उपचार म्हणून ब्रोमाइड, सक्तीची विश्रांती, छातीवर बर्फाची पिशवी. १८८० च्या दशकात पाउल म्योबियसने मूळ दोष ग्रंथीतच आहे असे मांडले खरे, पण पुरावा कुठे होता?

९/ पुरावा अगदी उलट्या दिशेने आला. ज्यांची ग्रंथी जास्त काम करत होती त्या रुग्णांकडून तो मिळाला नाही. ज्यांची ग्रंथी मुळीच काम करत नव्हती, त्यांनी तो पुरवला.

१०/ लंडनच्या विल्यम गलने १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांतील एका अवस्थेचे वर्णन केले होते. चेहरा सुजलेला, त्वचा कोरडी, बोलणे संथ, बुद्धी मंदावलेली. विल्यम ऑर्डने तिला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले. ग्रंथी नष्ट झाल्याने हे घडते, असा निष्कर्ष लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने १८८८ मध्ये काढला. ग्रंथी नाही म्हणून रोग होत असेल, तर बाहेरून ग्रंथी दिली तर काय होईल?

११/ १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण वैद्याने हे करून पाहिले. मेंढीच्या थायरॉइडचा ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क त्याने ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. काही आठवड्यांत तिचा चेहरा पूर्ववत झाला, बोलण्याला वेग आला. ती १९१९ पर्यंत, वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत जगली. मरेच्या हिशेबाप्रमाणे तिच्यासाठी तोवर ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या होत्या!

१२/ (कालक्रमाचे भान राहावे म्हणून : १८९१ मध्ये वाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. इंग्रजी दप्तरात त्याचे नाव ‘बासिम’. मालकी निजामाची आणि कारभार हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटमार्फत. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि वाशीम अकोल्यात गेले. स्वतंत्र वाशीम जिल्हा पुन्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. या दोन तारखांच्या मध्ये जे जे घडले, तेच या धाग्याचा पुढचा भाग आहे.)

१३/ टोचण्याची कटकट फार दिवस राहिली नाही. १८९२ मध्येच असे दिसून आले की ग्रंथी खाल्ली तरी गुण येतो. मग कोणी ती किंचित परतून खाऊ लागले, कोणी वाळवून तिची भुकटी. लवकरच वाळवलेल्या थायरॉइडच्या गोळ्या बाजारात आल्या. आणि अतिरेकाच्या बातम्याही आल्या.

१४/ १८९४ मध्ये पॅरिसच्या आंत्वान बेक्लेरने मिक्सिडीमाच्या एका स्त्रीची हकिकत मांडली. तिने ठरवून दिलेल्यापेक्षा पुष्कळ अधिक थायरॉइड खाल्ले होते. नाडी भरधाव, हातांना कंप, झोप नाही, चित्त सैरभैर. हुबेहूब ग्रेव्हज आणि बासेडो यांनी वर्णिलेले चित्र. पण या स्त्रीची स्वतःची ग्रंथी तर निकामी होती. तिला कसला धक्का बसला नव्हता, तिचा स्वभाव भित्रा असल्याचा प्रश्न नव्हता. तिच्या पोटात मेंढीची ग्रंथी जास्त गेली होती, एवढेच.

१५/ या एका घटनेचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही. भीतीने ग्रंथी बिघडते, या समजुतीला पहिला जोरदार तडा असा गेला. ग्रंथीचे द्रव्य वाढले तर निव्वळ त्यानेही भीती निर्माण होऊ शकते. ज्या स्त्रियांना वर्षानुवर्षे ‘हिस्टेरिकल’ म्हणून बाजूला सारले गेले, त्यांच्या बाजूने साक्ष दिली ती औषध जास्त झालेल्या एका रुग्णाने.

१६/ एवढे कळूनही व्यवहारातला प्रश्न सुटला नाही. मात्रा किती द्यायची? वाळवलेल्या भुकटीतील संप्रेरक मोजता येत नव्हते. मोजले जाई ते तिच्यातील आयोडीन, आणि दोन्ही एकच नव्हेत. एका घाण्यातील गोळ्या सौम्य निघत, दुसऱ्यातील जहाल. डॉक्टरांसमोर एकच मार्ग होता. मात्रा हळूहळू वाढवायची, रुग्णाचे हात कापू लागले की एक पायरी खाली यायचे. थरथर हा दुष्परिणाम होता आणि तीच मोजपट्टीही होती.

१७/ बारीक कंप ओळखण्याची एक युक्ती आजही शिकवली जाते. हात पुढे पसरायला सांगून बोटांवर कागद ठेवायचा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी थरथर कागदाच्या कडेला दिसते. आणखी दोन निरीक्षणे जुन्या वैद्यांनी जपली, तीही बिनखर्चाची. घाबरलेल्या माणसाचा तळहात ओला असतो पण थंड. संप्रेरक वाढलेल्याचा ओला आणि उबदार. चिंताग्रस्त माणसाची नाडी झोपेत शांत होते. संप्रेरकाने धावणारी नाडी झोपेतही फारशी उतरत नाही. ही निरीक्षणे निर्णायक नाहीत, पण ‘मनाचे की गोळीचे’ या कोड्यात ती अद्यापही काही सांगतात.

१८/ यंत्रे आली तेव्हा गंमत झाली. आडोल्फ माग्नुस-लेव्हीने १८९५ मध्ये बर्लिनमध्ये दाखवून दिले होते की थायरॉइड दिल्यावर शरीराचा प्राणवायूचा वापर वाढतो. त्यावरून पुढे ‘बेसल मेटॅबोलिझम’ची चाचणी रूढ झाली. सकाळी उपाशीपोटी रुग्णाला निजवायचे, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि प्राणवायू मोजायचा. आता नाक बंद करून तोंडात नळी घातल्यावर कोण घाबरणार नाही? आणि घाबरले की प्राणवायूचा वापर वाढतो. चिंता आणि संप्रेरक यांत फरक करण्यासाठी आणलेले यंत्र चिंतेमुळेच चुकत असे. रुग्णाला सवय व्हावी म्हणून चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागे.

१९/ दरम्यान रसायनशास्त्र पुढे सरकले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉलने २५ डिसेंबर १९१४ रोजी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले. सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून त्याच्या हाती आले अवघे ३३ ग्रॅम. चार्ल्स हॅरिंग्टनने १९२६ मध्ये त्याची खरी रचना उलगडली आणि पुढच्या वर्षी जॉर्ज बार्जरसह ते प्रयोगशाळेत घडवले. १९४९ मध्ये पोटात नीट शोषला जाणारा त्याचा सोडियम क्षार आला. वाशीमच्या दुकानातील आजची गोळी ही त्याचीच वंशज. तिच्यातील संप्रेरकासाठी आता मेंढी लागत नाही, डुक्करही नाही.

२०/ १९५२ मध्ये जॅक ग्रॉस आणि रोझालिंड पिट-रिव्हर्स यांनी दुसरे संप्रेरक शोधले, टी३. ते थायरॉक्सिनपेक्षा जहाल आणि त्वरित परिणाम करणारे. थायरॉक्सिन हा जणू साठा; शरीर त्याचे गरजेप्रमाणे टी३ मध्ये रूपांतर करते, हे १९७० च्या सुमारास सिद्ध झाले. थायरॉक्सिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात. म्हणूनच मात्रा वाढवली त्याच दिवशी सर्व परिणाम दिसत नाही. तो थरावर थर चढत जातो, आणि आठवडे उलटल्यावर एके रात्री धडधड जाणवते. तेव्हा गोळीची आठवणही कोणाला होत नाही. दोष जातो सुनेशी झालेल्या भांडणाला नाहीतर कपाशीच्या पडलेल्या भावाला.

२१/ एक काळी बाजूही नोंदवायला हवी. थायरॉइडने वजन उतरते हे कळताच निरोगी माणसांनाही ते विकले जाऊ लागले. १९६० च्या दशकात अमेरिकेत रंगीबेरंगी ‘डाएट पिल्स’ची टूम निघाली. त्यांत उत्तेजक औषधे, थायरॉइड आणि हृदयावरचे डिजिटॅलिस एकत्र असत. माणसे दगावली आणि १९६८ मध्ये सरकारला साठे जप्त करावे लागले. बारीक होण्यासाठी थायरॉइडची गोळी घेऊ इच्छिणारे आजही भेटतात.

२२/ उलट टोकाची नोंदही महत्त्वाची. लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशरने १९४९ मध्ये ‘मिक्सिडिमॅटस मॅडनेस’ या शीर्षकाखाली १४ रुग्णांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या. संप्रेरक कमी असतानाही मन ढासळते, भास होतात, संशय बळावतो. म्हणजे गोळी चालू असताना वाटणारी अस्वस्थता प्रत्येक वेळी गोळी जास्त झाल्यामुळेच असते असे नव्हे. मात्रा अपुरी असल्यानेही ती असू शकते. शिवाय महिनोन्महिने मंदावलेल्या शरीराला पूर्ववत वेगही आरंभी धावपळीसारखा वाटतो. वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करतात, ती याच अनुभवातून.

२३/ निदान हिशेबाने व्हावे असा प्रयत्न १९५९ मध्ये ग्लासगोत झाला. क्रुक्स, मरे (हे वेगळे मरे) आणि वेन यांनी लक्षणांना गुण देणारा तक्ता तयार केला. त्यात थंडी आवडू लागण्याला अस्वस्थतेपेक्षा जास्त गुण होते, कारण अस्वस्थ तर कोणीही असते. ग्लासगोच्या हवेत थंडी आवडणे हे खरोखरच विशेष लक्षण. वाशीमच्या मे महिन्यात मात्र त्या तक्त्याने अख्ख्या जिल्ह्याला रोगी ठरवले असते!

२४/ खरी क्रांती रक्ततपासणीने केली. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओइम्युनोअसे ही पद्धत विकसित केली. यालो यांना त्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले. किरणोत्सारी आयोडीनच्या साह्याने रक्तातील अत्यल्प द्रव्येही मोजता येऊ लागली. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्या पद्धतीने टीएसएच मोजणे शक्य झाले. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला पाठवलेला तगादा. संप्रेरक कमी पडले की तगादा वाढतो, जास्त झाले की थांबतो.

२५/ परिणाम धक्कादायक होता. तोवर रुग्णांना रोज २०० ते ४०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन दिले जात असे. टीएसएच पाहिल्यावर कळले की बहुतेकांना १०० ते १५० पुरते. म्हणजे कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षे गरजेपेक्षा दुप्पट औषध घेत होते. त्यांच्या तक्रारी डॉक्टरांच्या टिपणांत ‘नर्व्हस’ या एका शब्दाखाली पडून होत्या. वैद्यकाच्या इतिहासात हे प्रकरण सहसा ‘प्रगती’ या शीर्षकाखाली येते. त्या रुग्णांच्या बाजूने पाहिले तर शीर्षक वेगळे द्यावे लागेल.

२६/ आणखी एक बारकावा, जो बहुधा सांगितलाच जात नाही. सुरुवातीच्या टीएसएच चाचण्या एकाच बाजूने चालत. टीएसएच वाढलेला, म्हणजे औषध कमी, हे त्यांना कळे. टीएसएच फार खाली गेलेला, म्हणजे औषध जास्त, हे मात्र कळत नसे. कारण नेहमीची पातळी आणि त्याहून कमी पातळी यांत भेद करण्याइतक्या त्या सूक्ष्म नव्हत्या. ती क्षमता १९८० च्या दशकाच्या मध्यास आली. तोपर्यंत औषध जास्त झाल्याची खूण पुष्कळ प्रमाणात तीच होती : कापणारे हात.

२७/ महाराष्ट्र या इतिहासात कुठे बसतो? मुंबईत, परळला. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या जोड-इमारतीत सुरू झाले. भारतातील न्यूक्लिअर मेडिसिनच्या आद्य केंद्रांपैकी हे एक. ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांतून मिळणारे किरणोत्सारी आयोडीन थायरॉइडच्या निदानासाठी आणि उपचारासाठी इथे वापरले जाऊ लागले. पुढे टी३, टी४ आणि टीएसएच मोजण्याचे संच देशातच तयार होऊन प्रयोगशाळांना पुरवले गेले; ते काम नवी मुंबईतल्या वाशी येथून चालते. (वाशी आणि वाशीम यांत एका अक्षराचे अंतर, पण रक्ताच्या नमुन्याला तेवढे अंतर कापायला बरीच वर्षे लागली.)

२८/ कारण ही तपासणी किरणोत्सारी द्रव्यावर आणि ते मोजणाऱ्या यंत्रावर चालणारी. तालुक्याच्या गावी ती होणे अशक्य होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातील एक तालुका. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले २००२ मध्ये. त्याआधी मोठ्या शासकीय तपासण्यांसाठी नागपूर गाठावे लागे. किरणोत्सारी द्रव्याविना चालणारी स्वयंचलित यंत्रे आल्यावर चित्र पालटले. आता नमुना वाशीमात दिला जातो, तपासणी अनेकदा मोठ्या शहरात होते आणि अहवाल मोबाइलवर येतो. वाशीमचे स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले.

२९/ धडधडीवर थेट उताराही याच काळातला. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध आले. ते संप्रेरक कमी करत नाही. हृदयावरील आणि हातांवरील त्याचा अंमल सौम्य करते. ज्यांची ग्रंथीच अतिक्रियाशील आहे त्यांना त्याचा मोठा आधार झाला. गोळी जास्त झाली असेल तर मात्र मुख्य इलाज साधाच आहे : मात्रा कमी करणे. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल धोक्याचे ठरू शकते, त्यामुळे शेजाऱ्याच्या डब्यातून ते घेऊ नये.

३०/ मग मात्रा एकदा ठरूनही थरथर का परतते? एक कारण चहात आहे. लेव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, खाण्यापिण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायचे असते. चहा, कॉफी, दूध, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्याचे शोषण कमी करतात. समजा, एखादी बाई महिनोन्महिने गोळी चहाबरोबर घेते. टीएसएच वाढलेला दिसतो म्हणून डॉक्टर मात्रा वाढवतात. मग कोणीतरी तिला योग्य पद्धत सांगते. ती दुसऱ्या दिवसापासून पाण्याबरोबर गोळी घेते, आणि वाढवलेली सर्वच्या सर्व मात्रा अंगी लागते. काही आठवड्यांत हात कापू लागतात. तिने काहीच चुकीचे केलेले नसते. उलट चूक सुधारलेली असते.

३१/ दुसरे कारण उष्णतेत. हे औषध उष्णता, ओल आणि प्रकाश यांनी कमजोर होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात खिडकीवर ठेवलेली बाटली आणि दुकानातून आणलेली नवी बाटली यांचा जोर सारखा राहीलच असे नाही. वेगळ्या कंपनीची गोळी सुरू केल्यावरही क्वचित फरक जाणवतो. वजन पुष्कळ उतरले, बाळंतपण झाले, वय वाढले, तर गरजही बदलते. मात्रा ही एकदा कोरून ठेवायची गोष्ट नव्हे, हे मरेच्या काळी जितके खरे होते तितकेच आजही आहे.

३२/ या इतिहासातून आजच्या रुग्णाच्या हाती नेमके काय लागते? धडधड सुरू झाली म्हणून गोळी परस्पर बंद करणे हा मार्ग नाही. ग्रंथी काम करत नसेल तर काही आठवड्यांत मिक्सिडीमाच्या दिशेने प्रवास पुन्हा सुरू होतो. ‘टेन्शन’ म्हणून सोसत राहणेही बरोबर नाही. दीर्घकाळ जास्त मात्रा घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे ठिसूळ होतात, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न आहे : “माझी मात्रा जास्त तर होत नाही ना?” छातीत दुखले, ठोके चुकू लागले किंवा भोवळ आली, तर मात्र प्रश्न विचारत बसू नये; थेट रुग्णालय गाठावे.

३३/ मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून तपासणी त्यानंतर करतात. मधल्या दिवसांत अहवाल काही सांगू शकत नाही. त्या काळात उपयोगी पडतात ती जुनीच साधने. सकाळी उठण्यापूर्वी, अंथरुणातच, मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर मोजलेली नाडी. पसरलेल्या बोटांवरचा कागद. तळहात गार की ऊन. रात्री किती वाजता जाग आली. गोळी कशाबरोबर घेतली. मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर तारखेसह हे लिहून ठेवले आणि पुढच्या खेपेस अहवालासोबत ते पान डॉक्टरांपुढे ठेवले, तर मात्रा ठरवताना त्यांच्यासमोर टीएसएचच्या एका आकड्याखेरीज आणखीही काही असेल.

(धागा समाप्त)